बोलावणे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर दिवसा भूगोल शिकवत आणि संध्याकाळी बास्केटबॉल. शाळेच्या मागच्या सिमेंटच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ते स्वतः मारत. संघात एखादा मुलगा घ्यायचा मनात आले की ते आधी त्याच्या घरी जात. आमच्याकडे आले तेव्हा मी आठवीत होतो. वडिलांसमोर सतरंजीवर बसून त्यांनी सांगितले, की याला रोज दोन तास माझ्याकडे पाठवा. गणितात मागे पडला तर मला येऊन सांगा, मी खेळ थांबवीन आणि गणित घेईन. नववीत मी खरोखरच मागे पडलो. सरांनी शब्द पाळला. दोन महिने मी मैदानाच्या कडेला बसून बीजगणित सोडवले, आणि ते अधूनमधून येऊन वही पाहून जात.

पुढे मी अमेरिकेत गेलो आणि मध्यपश्चिमेतल्या एका छोट्या कॉलेजात २२ वर्षे संख्याशास्त्र शिकवले. तिथे खेळाडूंच्या अभ्यासाकडे लक्ष ठेवायला प्रत्येक कॉलेजाला एक प्राध्यापक-प्रतिनिधी नेमावा लागतो. ते काम काही वर्षे माझ्याकडे होते. बास्केटबॉलचे कोच मुलांच्या घरी जातात, आईवडिलांसमोर बसतात आणि शब्द देतात, हे मी तेव्हा जवळून पाहिले आणि दर वेळी मला सर आठवले. आज मला त्या शब्दाबद्दल बोलायचे आहे, आणि मार्च महिन्यात या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या बाद फेरीबद्दलही. कोच मुलाला कॉलेजात बोलावतो. हंगामाअखेर स्पर्धा संघाला बोलावते. कोणाला बोलावणे येते, कोणाला येत नाही, आणि बोलावणारा काय देणे लागतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल म्हटले की आपल्याला टीव्हीवरची ६८ संघांची स्पर्धा दिसते. तो प्रथम विभाग. १९७३ साली एनसीएए या संघटनेने आपल्या कॉलेजांची तीन विभागांत वाटणी केली. प्रथम विभागात खेळाडूला पूर्ण शिष्यवृत्ती मिळू शकते, द्वितीय विभागात बहुधा अर्धीमुर्धी. तृतीय विभागात खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. चारशेहून अधिक कॉलेजे या तिसऱ्या विभागात आहेत. सदस्यसंख्येने तो सर्वांत मोठा आहे. संघटनेच्या उत्पन्नातला त्याचा वाटा मात्र ३.१८ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे बसप्रवासाचे सांगताना तो लागेल. याखेरीज एनएआयए नावाची छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आहे. तिचा इतिहास आधी सांगतो, कारण बोलावण्याचा प्रश्न तिथे सर्वांत उघडा पडला.

बास्केटबॉल जन्मला तो १८९१च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत. जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लावले. हेच नेस्मिथ म्हातारपणी कॅन्ससला प्राध्यापक होते, आणि १९३७ साली शेजारच्या कॅन्सस सिटीत एनएआयएची ही छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिच्या उभारणीत त्यांचा हात होता. एनसीएएची स्वतःची स्पर्धा १९३९ची, म्हणजे दोन वर्षांनंतरची. पहिल्या वर्षी कॅन्सस सिटीत आठ संघ आले, दुसऱ्या वर्षी ३२. तेवढे सगळे संघ एकाच सभागृहात, एकाच आठवड्यात, हरला की घरी. शेतकी गावांतली, शिक्षक तयार करणारी, चर्चने चालवलेली कॉलेजे. ज्यांची नावे मोठ्या शहरांतली वृत्तपत्रे छापत नसत, त्यांना तिथे बोलावणे येई.

पण कृष्णवर्णीय खेळाडूला नाही. १९४७ साली इंडियाना स्टेटच्या संघाला आमंत्रण आले. कोच होते जॉन वुडन, जे पुढे यूसीएलएमध्ये जाऊन जगप्रसिद्ध झाले. त्यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय राखीव खेळाडू होता आणि त्याला आणता येणार नाही असा नियम होता. वुडन यांनी आमंत्रण परत केले. पुढच्या वर्षी बंदी उठली, संघ गेला, वॉकर खेळला आणि इंडियाना स्टेट अंतिम सामन्यात लुईव्हिलकडून हरले. हॉटेलात मात्र वॉकरला संघासोबत राहता आले नाही. वुडन यांनी पुढे यूसीएलएसाठी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली ती १०. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय त्या न खेळलेल्या स्पर्धेचा होता. ज्या मुलाला आपण संघात घेतले, त्याला मागे ठेवून बोलावणे स्वीकारायचे नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवले.

याच धाग्याचे दुसरे टोक जॉन मॅक्लेंडन. हा मुलगा १९३०च्या दशकात कॅन्सस विद्यापीठात खुद्द नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकला. पण विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती, म्हणून ज्याने खेळ शोधला त्याच्याच विद्यापीठात त्याला खेळता आले नाही. तो कोच झाला. १९४४च्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम इथे त्याने आपल्या संघाचा सामना ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्या संघाशी लावला. दारे बंद, प्रेक्षक नाहीत. वर्णभेदाच्या कायद्याने तो सामना गुन्हा होता. मॅक्लेंडनच्या मुलांनी तो ८८-४४ असा जिंकला. तेरा वर्षांनी, १९५७ साली, मॅक्लेंडनचा टेनेसी ए अँड आय हा संघ कॅन्सस सिटीत उघड्या दाराने आत गेला आणि राष्ट्रीय विजेता झाला. १९५८ला परत, १९५९ला परत. सलग तीन वर्षे. ज्या प्रांगणात दहा वर्षांपूर्वी एका राखीव खेळाडूला बंदी होती, तिथे. छोट्या कॉलेजांच्या स्पर्धेबद्दल माझ्या मनात जो आदर आहे त्याचे मूळ या बारा-तेरा वर्षांत आहे.

आता तिसऱ्या विभागाकडे वळू, कारण माझे आयुष्य तिथे गेले.

त्याची राष्ट्रीय स्पर्धा १९७५ साली सुरू झाली आणि पहिला विजेता ठरला मेम्फिसमधले लेमॉइन-ओवेन, ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचे एक लहानसे कॉलेज. मॅक्लेंडनचा धागा तिथेही पोचला होता.

या विभागात मुले आणायची कशी? आपल्याकडे भरती म्हटले की पोलीस भरती आठवते: रांग, छातीचे माप, धावण्याची वेळ. रिक्रूटिंगचे तसे नसते. कोच उन्हाळाभर गावोगावच्या जिममध्ये फिरतो. एका छताखाली सहा-सात कोर्टांवर सामने चालू असतात, भिंतीला टेकून कोच उभे असतात, हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या प्रथम विभागाच्या कोचांच्या. आमचा कोच पाहायचा तो पाच फूट अकरा इंची गार्ड, ज्याच्याकडे त्यांच्यातल्या कोणाची नजर जात नाही. मग फोन, मग चित्रफिती, मग शाळेची गुणपत्रिका. ही गुणपत्रिका कोच आपल्या कॉलेजाच्या प्रवेश विभागाला आधीच दाखवतो आणि हा प्रवेश मिळण्याजोगा आहे का, एवढा अंदाज घेतो. नंतर मुलगा दोन दिवस कॉलेज बघायला येतो, संघातल्या मुलांच्या खोलीत जमिनीवर झोपतो, सकाळी एखाद्या वर्गात बसतो. माझ्या वर्गात असे पाहुणे कितीतरी बसून गेले. प्रमाण विचलन म्हणजे काय ते कळत नसतानाही टिपणे काढणारा एखादा मुलगा दिसला की मी कोचला सांगत असे, हा आणा.

या सगळ्यात कोचकडे द्यायला काय असते? पैसे नाहीत. प्रवेशाची हमीही त्याची नाही. कुटुंबाचे उत्पन्न पाहून आणि अभ्यास पाहून कॉलेज जी आर्थिक मदत देते, तीत कोचने ढवळाढवळ करायची नाही असा नियमच आहे. त्याच्याकडे फक्त शब्द असतो. तुला इथे चार वर्षे शिकता येईल, खेळता येईल, आणि आम्ही तुझ्याकडे लक्ष देऊ. विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडन, मिडलबरी अशी न्यू इंग्लंड आणि परिसरातली जी ११ नामांकित कॉलेजे एका साखळीत खेळतात, तिथे या शब्दाला प्रवेशप्रक्रियेत मोठे वजन असते, आणि त्यावर वादही बरेच झाले. प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी या शतकाच्या सुरुवातीला दोन ग्रंथ लिहून दाखवले, की अशा निवडक कॉलेजांत खेळासाठी निवडलेल्या मुलांना प्रवेशात मोठी सवलत मिळते आणि आत आल्यावर ती अभ्यासात मागे राहतात. त्यांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते. पण उपाय बोलावणे थांबवण्यात नाही. आत आलेल्या मुलाकडे सरांनी माझ्या वहीकडे पाहिले तसे पाहण्यात आहे.

सवलत अजिबात द्यायची नाही असे ठरवले तर काय होते, तेही एका संस्थेने दाखवले आहे. कॅलिफोर्नियातले कॅलटेक. पदवीचे विद्यार्थी हजाराच्या आसपास, प्राध्यापकांत नोबेल विजेते, आणि खेळाडू म्हणून कोणालाही प्रवेशात सूट नाही. त्यांचा बास्केटबॉल संघ आपल्या साखळीत १९८५च्या जानेवारीनंतर एकही सामना जिंकला नव्हता. सलग ३१० पराभव. २०११च्या २२ फेब्रुवारीला हंगामाचा शेवटचा सामना ऑक्सिडेंटलशी होता. बरोबरी झाली असताना, काही सेकंद उरले असताना रायन एल्मक्विस्टने फ्री थ्रो टाकला आणि कॅलटेक ४६-४५ने जिंकले. बाद फेरीचा प्रश्नच नव्हता. तरी त्या जिममध्ये माणसे कोर्टावर धावून आली. ३१० पराभवांच्या काळात कितीतरी मुले त्या संघात आली आणि एकही साखळी सामना न जिंकता पदवी घेऊन गेली. दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी सराव, शुक्रवारी पराभव. त्यांना खेळण्यासाठी कोणी पैसे दिले नव्हते आणि जिंकण्याची आशाही नव्हती. खेळ कशासाठी खेळतात हे मला कोणी विचारले तर मी त्या मुलांकडे बोट दाखवतो.

तृतीय विभागाच्या मार्चमधल्या बाद फेरीत ६४ संघ असतात. बहुतेक जागा आपापली साखळी जिंकणाऱ्यांना, उरलेल्या थोड्या समितीच्या निवडीने. पहिल्या आठवड्यात चार-चार संघ एकेका कॉलेजाच्या जिममध्ये जमतात, शुक्रवारी आणि शनिवारी खेळतात, आणि रविवारी पहाटे तीन संघ परतीच्या बसमध्ये असतात. इथे तो ३.१८ टक्क्यांचा आकडा येतो. विमानाचे पैसे वाचवायचे म्हणून ५०० मैलांच्या आत बसने जाता येईल असे संघ एकत्र टाकतात. त्यामुळे देशातले दोन उत्तम संघ शेजारी असले तर ते पहिल्याच आठवड्यात एकमेकांना भिडतात आणि एक संपतो. विस्कॉन्सिनच्या संघांनी हे वर्षानुवर्षे सोसले. हा अन्याय आहे असे मी संघटनेच्या बैठकीत बोललो होतो आणि आजही माझे मत तेच आहे. ज्या संघटनेला टीव्हीच्या हक्कांतून वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक मिळतात, तिने चारशे कॉलेजांच्या मुलांना नकाशावर कंपासने वर्तुळ काढून बांधू नये.

तरीही त्या शुक्रवारच्या रात्रींची सर कशालाच नाही. हजार-दीड हजार माणसांची जिम, गावातला बँड, जेवणघरातल्या बाया आणि ग्रंथपाल पहिल्या रांगेत, आणि कोर्टावर असा मुलगा ज्याने सकाळी माझी चाचणी दिली आहे. अंतिम फेऱ्या १९९६पासून २०१८पर्यंत व्हर्जिनियातल्या सेलम या लहान शहरात होत. आमच्यातले लोक नुसते 'सेलमला पोचायचे' म्हणत आणि सगळ्यांना कळे.

सेलमचीच एक गोष्ट. २०१४च्या अंतिम सामन्यात विल्यम्स कॉलेजाचा संघ विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ७५-७३ असा, शेवटच्या सेकंदाला हरला. विल्यम्सकडून पहिल्या वर्षाचा एक उंच नेमबाज खेळत होता, डंकन रॉबिन्सन. शाळेत असताना त्याला प्रथम विभागातल्या कोणा मोठ्या संघाने बोलावले नव्हते. त्या हंगामानंतर विल्यम्सचा कोच दुसरीकडे गेला आणि रॉबिन्सन मिशिगन विद्यापीठात, पूर्ण शिष्यवृत्तीवर. २०१८ साली तो मिशिगनकडून प्रथम विभागाचा अंतिम सामना खेळला, तोही हरला, आणि २०२१ साली मायामीच्या व्यावसायिक संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा नऊ कोटी डॉलरचा करार केला. ही गोष्ट सांगितली की पालकांचे डोळे चमकतात. मला ती सांगताना नेहमी थोडी भीती वाटते. तृतीय विभागातून थेट व्यावसायिक संघांच्या पहिल्या फेरीत निवडला गेलेला खेळाडू इतिहासात एकच आहे: मिनियापोलिसच्या ऑग्सबर्ग कॉलेजाचा डेव्हीन जॉर्ज, १९९९ साली. एक. रॉबिन्सनची गोष्ट ज्या कोचच्या तोंडी पहिल्या भेटीत येते, त्याच्यापासून सावध राहावे असे मी म्हणेन.

मला अधिक जवळची वाटते ती न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाची गोष्ट. ज्यू धर्मपरंपरेत शिक्षण देणारी ही संस्था. मुले सकाळी धर्मग्रंथ शिकतात, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत खेळत नाहीत. लॉस एंजलिसच्या रायन टुरेलवर प्रथम विभागातल्या संघांचाही डोळा होता, पण आपला धर्म पाळत खेळता येईल म्हणून त्याने येशिवाचे बोलावणे घेतले. २०२०च्या मार्चमध्ये संघ बाद फेरीसाठी बाल्टिमोरला पोचला. त्याच आठवड्यात विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला कोरोनाची लागण झाल्याचे कळले होते, आणि हॉटेलने संघाचे आरक्षण रद्द केले. यजमान जॉन्स हॉपकिन्सने सामने प्रेक्षकांविना घ्यायचे ठरवले. ६ मार्चच्या शुक्रवारी रिकाम्या जिममध्ये, बुटांचा आवाज भिंतींवर आदळत असताना, येशिवाने वूस्टर पॉलिटेक्निकला १०२-७८ असे हरवले. शनिवारी शब्बाथ संपल्यावर दुसरा सामनाही जिंकला. शेवटचे १६ संघ उरले आणि १२ मार्चला स्पर्धाच रद्द झाली. त्या संघाची विजयमालिका पुढे ५० सामन्यांपर्यंत गेली. स्पर्धेने त्यांना बोलावले आणि अर्ध्यावर दार बंद केले. टुरेलला कॉलेजाने दिलेला शब्द मात्र पुरा झाला. तो तिथे शिकला, शब्बाथ पाळला, आणि २०२१-२२ मध्ये सरासरी गुणांत सगळ्या विभागांत देशात पहिला आला.

आता जे सांगणार आहे ते मला टोचते. अमेरिकेत कॉलेजात जाण्याच्या वयाची मुले अनेक राज्यांत कमी होत आहेत. लहान कॉलेज फीवर चालते. दीडशे मुले कमी आली की इमारतीचे छप्पर दुरुस्त होत नाही. अशा वेळी व्यवस्थापनाला कळते की खेळाडू हा फी भरणारा विद्यार्थी आहे आणि कोच हा सर्वांत कष्टाळू प्रवेश-प्रतिनिधी. मग कोचला आकडा दिला जातो: यंदा इतकी मुले आण. मी पाहिलेल्या एका कॉलेजात बास्केटबॉलसाठी एवढी नवी मुले आणली, की पहिल्या बैठकीला जिमच्या पायऱ्यांवर बसवावी लागली. सामन्यात उतरतात १० किंवा ११. प्रत्येक घरी कोच जाऊन आला होता, प्रत्येकाला हवा आहेस असे सांगितले होते. थंडी पडेपर्यंत त्यांतली बरीच माझ्या खोलीत येऊन कॉलेज बदलण्याचे अर्ज विचारू लागली. त्यांच्या डोक्यावर कर्ज होते. मी तक्रार केली, कागद वरपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. याला मी फसवणूक म्हणतो.

आणि कधी कधी कॉलेजच उरत नाही. अलाबामातले बर्मिंगहॅम-सदर्न हे १८५६ सालचे कॉलेज. बास्केटबॉलमध्ये एनएआयएचे राष्ट्रीय विजेते, १९९० आणि १९९५ साली. मग त्यांनी प्रथम विभागात उडी घेतली, खर्च झेपेना म्हणून काही वर्षांत तृतीय विभागात परतले. २०२४च्या ३१ मे रोजी ते कायमचे बंद झाले. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत तृतीय विभागाच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत खेळत होता. कॉलेज संपल्यावरही त्या मुलांनी त्याचे नाव छातीवर लावून आणखी सामने खेळले. कोणी सांगितले नव्हते, पण त्यांनी आपल्या बाजूचा शब्द शेवटपर्यंत पाळला.

आपल्यापैकी अनेकांची नातवंडे न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात शाळेत आहेत, आणि त्यांतली काही बास्केटबॉल खेळतात. एखाद्या संध्याकाळी कोचचा फोन येईल. आनंद करा, तो आनंदाचाच प्रसंग आहे. तो घरी आला तर त्याला चहा द्या आणि विचारा, की चार वर्षांपूर्वी आणलेल्या मुलांपैकी आज संघात किती आहेत आणि कॉलेजात किती आहेत. मग आणखी एक विचारा: आमच्या मुलाने पहिल्या वर्षीच बास्केटबॉल सोडला, किंवा त्याचा गुडघा गेला, तर त्याची आर्थिक मदत किती कमी होईल? तृतीय विभागात नियमाला धरून याचे एकच उत्तर आहे. एक डॉलरनेही नाही.